खडीसाखर : खिरापतीतील पाचवा ‘ख’

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात. पहिली माळ चढते, नंदादीप उजळतो आणि पुढील नऊ दिवस देवघर हेच घराचे मध्यस्थान होऊन राहते. या दिवसांत जगदंबेपुढे काय काय म्हणून मांडले जात नाही! पुरणपोळी असते, साखरभात असतो, कडाकण्यांची माळ असते. परंतु आरती संपून कर्पूरगौराचा गजर शांत झाला, की आपल्या तळहातावर जे पहिल्याने पडते ते यांपैकी काहीच नसते. तो असतो खडीसाखरेचा एक लहानसा खडा. लहान मूल तो तत्काळ तोंडात टाकते. वृद्ध माउली तो आधी कपाळाला लावते आणि मग पदराच्या टोकाला बांधते, घरी अंथरुणाला खिळलेल्या कुणासाठी तरी.

मोठमोठ्या पक्वान्नांवर पोथ्या झाल्या, पाकशास्त्रे झाली. या खड्याविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. नवरात्राच्या निमित्ताने त्याचे कुळ, त्याचा प्रवास आणि त्याचे मर्म वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहूरची वाट

नांदेडहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या आश्रयाने वसलेले माहूर हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. एका शिखरावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तप्रभू, तिसऱ्यावर अनसूयामाता. दत्तात्रेयांचे स्नान काशीस, भिक्षा करवीरास आणि निद्रा माहुरास, अशी भाविकांची श्रद्धा. रेणुकेची गोड पदे रचणारे विष्णुदास याच क्षेत्री राहिले. श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा असो, शारदीय नवरात्र असो वा दत्तजयंती असो, या डोंगरवाटा माणसांनी फुलून जातात.

माहूरच्या आईचा खास प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पाने खलबत्त्यात कुटून केलेला हा विडा आईच्या मुखी लावतात आणि मग भाविकांना वाटतात. येथे आईचे दर्शन मुखरूपानेच आहे, म्हणून मुखाला रंग आणि गंध देणारा विडा हाच तिचा आवडता प्रसाद व्हावा, हे किती सयुक्तिक! परंतु तांबूल ओला; तो घेतला की सेवन करावा. दूर गावी न्यायचा प्रसाद कोरडा हवा. म्हणून गड उतरणाऱ्याच्या पिशवीत कुंकवाच्या पुडीशेजारी खडीसाखरेची पुडी हटकून असते. तांबूल हा गडावरचा प्रसाद, खडीसाखर हा गडाखालचा, असे म्हटले तरी चालेल.

या पुडीचे महत्त्व ज्यांनी मागचा काळ पाहिला त्यांना सांगायला नको. शिजलेल्या अन्नाला सोवळ्याओवळ्याचे शेकडो निर्बंध होते. कुणाच्या हातचे कुणी खावे, याचे नियम कडक होते. साखर, फुटाणे, खोबरे या कोरड्या पदार्थांना ते निर्बंध लागत नसत. या किनवट-माहूर भागात गोंड आहेत, आंध आहेत, कोलाम आहेत, बंजारा आहेत, कुणबी-मराठे आणि ब्राह्मणही आहेत. ज्यांच्या पंगती एक होत नव्हत्या त्यांचा प्रसाद एक होता, तो या कोरड्या खड्यामुळे. समतेचे हे काम त्याने गाजावाजा न करता केले आहे.

नावांचे गोत्र

आता थोडे शब्दांकडे वळू. संस्कृतात ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ गोड पदार्थ असा नाही. शर्करा म्हणजे वाळूचे खडे, कंकर. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही ‘शर्करा’ असेच म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे रवाळ कण मिळू लागले, ते वाळूसारखे दिसले, म्हणून त्यांना हे नाव मिळाले. ‘खंड’ म्हणजे तुकडा. ‘सितोपला’ म्हणजे शुभ्र दगड. हे तर खडीसाखरेचे हुबेहूब वर्णन. मराठीने ‘खडी’ आणि ‘साखर’ असे दोन शब्द जोडले आणि तेच पुन्हा सांगितले.

गंमत अशी, की आमच्या आईचे नावही याच घराण्यातले आहे. ‘रेणु’ म्हणजे धुळीचा वा परागाचा कण, त्यावरून ‘रेणुका’. लोककथा सांगते, की ही पतिव्रता रोज नदीकाठच्या वाळूचा घट करी आणि त्यातून जमदग्नींच्या अग्निहोत्रासाठी पाणी आणी. चित्त स्थिर होते तोवर सुट्या कणांचा घट टिकत होता. ते क्षणभर विचलित झाले आणि घट विरघळला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पित्याच्या आज्ञेने परशुरामाने मातेवर शस्त्र उचलले आणि वर मागताना पहिले मागणे मागितले ते मातेच्या जीविताचे. माहूरची स्थलकथा याच्याही पुढची आहे. आई भूमीतून वर येईल, मात्र मागे वळून पाहू नकोस, असे सांगितले असताना पुत्राला राहवले नाही. त्याने वळून पाहिले आणि मुख तेवढे प्रकटले. तेच मुख आज शेंदूरचर्चित तांदळारूपाने आपल्याला दर्शन देते. रेणु आणि शर्करा, दोन्ही कणच. एका कणाचे दैवत झाले, दुसऱ्याचा प्रसाद झाला.

शास्त्रकारांची साक्ष

ऊस हा या भूमीचा फार जुना सोबती. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात मधुरतेची प्रार्थना करणारे एक सूक्त आहे आणि त्यात ‘इक्षु’ म्हणजे ऊस आला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारात ठेवावयाच्या वस्तूंची जी मोजदाद आहे तीत फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा अशी उसापासूनची पाच द्रव्ये ओळीने दिली आहेत. फाणित म्हणजे आपली काकवी. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी दाणेदार, ओलसर साखर. चरकाचार्यांनीही गुळापासून शर्करेपर्यंतच्या या पायऱ्या सांगितल्या असून, द्रव्य जसजसे निर्मळ होत जाते तसतसा त्यातील शीत गुण वाढतो, असे मत दिले आहे.

वैद्यांच्या बटव्यातील ‘सितोपलादि चूर्ण’ ठाऊक नसलेले घर विरळा. त्याच्या नावातच खडीसाखर आहे. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडे दोन आणि दालचिनी एक, असे प्रत्येक पायरीवर निम्मे होत जाणारे हे प्रमाण. खोकल्यावर ते मधातुपातून देतात. आम्हा कीर्तनकारांचा तर खडीसाखरेशी रोजचाच संबंध. पूर्वरंग आटोपून मध्यंतरात नामगजर चालू असतो, श्रोत्यांना बुक्का लागत असतो, तेवढ्या अवकाशात गालात एक खडा आणि एक लवंग धरली, की उत्तररंगाला गळा पुन्हा साथ देतो. खडा हळूहळू विरघळतो, तोंडाला ओल सुटते, कंठाची कोरड जाते. एवढेच त्याचे काम, पण तीन तास उभे राहून बोलणाऱ्याला तेवढे पुरे असते.

देशोदेशीचा प्रवास

मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू हिंदुस्थानात आहेत, असे शिकंदराचा सरदार निआर्कस याने लिहून ठेवले होते. त्यानंतर चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगास्थेनिसाच्या वृत्तांतात तर अंजीर आणि मध यांहून गोड दगडांचा उल्लेख येतो. ती खडीसाखरच असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. इ. स. ६४७ मध्ये चीनचा सम्राट ताइत्सुंग याने साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी मगधात माणसे धाडली, अशी नोंद चिनी इतिहासात आहे.

पश्चिमेकडे ‘शर्करा’ शब्द प्राकृतात ‘सक्कर’, फारशीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होत युरोपात पोचला आणि इंग्रजीत ‘शुगर’ झाला. ‘खंड’ शब्द फारशी-अरबीत ‘कंद’ झाला आणि त्यावरूनच इंग्रजी ‘कँडी’ निघाली. आपली मुले दुकानात ज्या शब्दाने गोळी मागतात तो शब्द त्यांच्याच पणजोबांचा आहे! नंतर हीच विद्या परदेशी संस्कार घेऊन परत आली तेव्हा उत्तरेकडे पांढऱ्या साखरेला ‘चिनी’ आणि खडीसाखरेला ‘मिस्री’ म्हणू लागले. मिस्र म्हणजे इजिप्त. फारशीत खडीसाखरेला ‘नबात’ म्हणतात. अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’त बाजारभावांच्या यादीत हा जिन्नस आहे. लेक सासरहून माहेरी यावी आणि तिच्या अंगावर परगावची वस्त्रे असावीत, तसे हे झाले. लेक मात्र आपलीच.

विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी साखरेवरून आपल्याकडे मोठे वादळ उठले. ती साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, म्हणून देवाला चालणार नाही, असे अनेक सत्शील घरांतून म्हटले जाई. स्वदेशीच्या चळवळीने त्याला जोर दिला. जावा बेटाची साखर तेव्हा इकडे मोठ्या प्रमाणावर येत असे. १९३२ साली देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाने झपाट्याने वाढले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप सुरू केले आणि महाराष्ट्राच्या शिवाराचे रूप पालटले. आज आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत रस निवळण्यासाठी चुना आणि गंधकाचा वायू वापरतात. तेव्हा नैवेद्याच्या शुद्धतेविषयी ज्यांच्या मनात ती जुनी शंका अजून घर करून आहे, त्यांनी ती काढून टाकण्यास हरकत नाही.

पाक, सूत्र आणि स्थैर्य

खडीसाखर होते कशी, हे पाहिले म्हणजे तिच्यातील अध्यात्म वेगळे शोधावे लागत नाही. शंभर ग्रॅम पाण्यात नेहमीच्या हवामानात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळू लागले, की पावणेपाचशे ग्रॅमहून अधिक साखर ते पोटात घेते. असा दाट पाक करून हलवाई त्यात थोडे दूध घालीत. मळ फेसाबरोबर वर येई, तो झाऱ्याने काढीत. मग तो निवळ पाक आडवे-उभे दोरे ताणलेल्या भांड्यात ओतून, झाकून, उबेला ठेवीत. पाक सावकाश निवू लागला, की पाण्याला न पेलवणारी साखर दोऱ्यांचा आधार धरून कणाकणाने बसू लागते. काही दिवसांनी उरलेला पाक ओतून टाकला, की दोऱ्यांभोवती लखलखीत पैलूंचे घोस दिसतात. दोऱ्याची खडीसाखर म्हणतात ती हीच. आता कारखान्यात यंत्राने केलेले, एकाच मापाचे लहान खडे सर्वत्र मिळतात. परंतु तत्त्व तेच.

यात एक पथ्य असते. या दिवसांत भांड्याला हात लावायचा नाही. ते हलले, हिंदकळले, की मोठा खडा होत नाही. एकाच वेळी असंख्य बारीक कण होतात आणि तळाशी नुसती साखर बसते. घाईने थंड केले तरी तेच.

ललितासहस्रनाम म्हणणाऱ्या भगिनींना आठवेल, की जगदंबेच्या हातातील धनुष्य उसाचे आहे आणि ते धनुष्य म्हणजे मन, असे त्या नावातच सांगितले आहे. मनाला उसाची उपमा का दिली असावी? ऊस बाहेरून कठीण, पेरापेराने अडलेला. आत मात्र रस. तो रस हवा तर चरकातून जावे लागते, तापावे लागते, मळ वर येऊ द्यावा लागतो आणि तो काढणारा कुणीतरी जवळ असावा लागतो. इतके होऊनही जर पात्र स्थिर नसेल तर खडा जमत नाही. आणि दोरा नसेल तर त्या गोडीला बसायला जागा मिळत नाही. तो दोरा म्हणजे भगवंताचे नाम. नवरात्रातील नऊ दिवसांचे अनुष्ठान, अखंड दीप, न हलवलेला घट, नियमाची माळ, हे सारे पात्र स्थिर ठेवण्याचेच उपाय आहेत. रेणुकेच्या वाळूच्या घटाची कथाही हेच सांगत नाही काय?

पंचखाद्याचा अर्थ

आपल्या घरी खिरापत होते ती पंचखाद्याची. खोबरे, खारीक, खसखस, खिसमिस आणि खडीसाखर, असे ‘ख’ने आरंभ होणारे पाच पदार्थ. काही घरी खिसमिसऐवजी खजूर घालतात. भोंडल्याच्या फेरानंतर मुली ‘खिरापत काय गं?’ म्हणून ओळखायला लावतात, त्या खेळाचे मूळ याच शब्दात आहे. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश, अवकाश. पहिले चार ‘ख’ झाडांवर, वेलींवर, रोपांवर तयार मिळतात. पाचवा ‘ख’ मात्र निसर्ग तयार देत नाही. त्याच्यासाठी माणसाचे हात लागतात. म्हणूनच त्या हातांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

दसरा झाला, सीमोल्लंघन झाले, की आपल्या मराठवाड्यातून, विशेषतः बीड आणि आसपासच्या भागांतून, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. दिवाळीचे दिवे अनेकदा फडातल्या पालावरच लागतात. पहाटेच्या थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. कडेला मूल, पोटात मूल असतानाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवर मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात निघाला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. पाळीच्या दिवसांतील खाडा आणि त्यापायी बुडणारी मजुरी परवडत नाही, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या स्त्रिया त्यांत होत्या. ज्या आईपुढे आपण सुफळ कुशीचे मागणे मागतो, तिच्याच लेकींवर ही वेळ आली.

उसाला पाणीही फार लागते आणि आपला प्रदेश पाण्याविषयी किती कंगाल आहे हे लातूरकरांना कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. म्हणून तळहातावरील खड्यात किती पाणी आणि किती घाम आटला आहे, याचे स्मरण हेही प्रसादग्रहणाचेच अंग मानले पाहिजे. परशुरामाने शस्त्र टाकल्यावर पहिला वर मागितला तो आईसाठी. आपणही गोड तोंडाने आईपुढे उभे राहतो तेव्हा, ज्या आयाबहिणींच्या कोयत्याने ही गोडी घरी आली त्यांच्यासाठी काही मागणार की नाही? गावाच्या वेशीवरून दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक वा ट्रॅक्टर निघत असेल तर त्यातील एका तरी माउलीची ओटी भरावी, तिच्या लेकरांच्या शाळेची सोय गावात राहील असे पाहावे, तिच्या आजारपणात तिला योग्य डॉक्टरांपर्यंत नेऊन पोचवावे. ही रेणुकेची ओटीच ठरेल.

मात्रा

जाता जाता आरोग्याची एक गोष्ट. ‘खडीसाखर थंड असते, मधुमेहाला ती चालते’, असे पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. हा भ्रम आहे. शास्त्रकारांनी सांगितलेला शीत गुण वेगळा आणि रक्तातील साखर वेगळी. रसायनदृष्ट्या खडीसाखर आणि साधी साखर एकच. ग्रॅममागे सुमारे चार उष्मांक दोहींतही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार अशी साखर एकूण आहाराच्या दहा टक्के उष्मांकांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांहून, म्हणजे दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमहून, कमी राखली तर अधिक चांगले. आपल्या आचार्यांनीही प्रमेहाचे वर्णन करताना मूत्राची मधुरता नेमकी टिपली होती. तेव्हा मधुमेही भाविकाने प्रसाद मस्तकी लावावा, कणभर जिभेवर ठेवावा आणि बाकी शेजारच्या मुलाला द्यावा. प्रसाद कणानेच घ्यायचा असतो. मूठभर घेतले तर तो फराळ होतो.

आणि यातच खडीसाखरेचा मोठेपणा आहे. पेढा दोन-चार दिवसांत विटतो, सणासुदीच्या खव्यातील भेसळीची धास्ती वेगळीच. खडीसाखर घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे टिकते. तिला पेटी लागत नाही, रंगीत वेष्टन लागत नाही. कागदाची पुडी पुरते. गरिबाला तिची लाज वाटत नाही आणि श्रीमंताला तिचा गर्व करता येत नाही. पंढरीत काकडआरतीनंतर विठुरायापुढे लोणी आणि खडीसाखर येते, बाळकृष्णाच्या वाटीतही तीच असते. सोयरीक जमली की ‘साखरपुडा’ होतो आणि शुभ बोलणाऱ्याला ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ असा आशीर्वाद मिळतो. नारदांनी आपल्या भक्तिसूत्रांत प्रेमाचे स्वरूप मुक्याने चाखलेल्या गोडीसारखे सांगितले आहे. ती चाखता येते, सांगता येत नाही.

यंदाच्या नवरात्रात माहूरला जाणे ज्यांना घडेल त्यांनी गड उतरताना एक पुडी अधिक घ्यावी. ज्यांना वय, व्याधी वा दारिद्र्य यांमुळे डोंगर चढवला नाही अशा एखाद्याच्या घरी ती पोचवावी. त्याच्या जिभेवर तो खडा विरघळेल तेव्हा आईची वारी त्यालाही घडली असे समजावे. रेणुकामाता सर्वांची वाणी गोड, चित्त स्थिर आणि हात उदार ठेवो. उदे गं अंबे, उदे!